अठ्ठेचाळीस बोल्ट आणि साबणाची वडी

४ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी. हिशेबाची वही मी लग्नापासून लिहिते, पण तिच्यात मनातलं लिहायला जागा नसते. ‘साखर अर्धा किलो’च्या पुढे ‘जीव थाऱ्यावर नाही’ असं लिहिलं तर बेरीज चुकते.

कागद विकत आणलेला नाही, हे आधीच नोंदवते. कारखान्यात तपासणीचे फॉर्म छापताना ओळी तिरक्या गेल्या आणि गठ्ठा रद्दीत निघाला. ह्यांनी साहेबांना विचारून तो घरी आणला. पुढच्या बाजूला छापील रकाने, मागची बाजू कोरी. मागची बाजू माझी, पुढची कारखान्याची. पुढची उलटून बघायची नाही असा मी नियम केलाय. कारखान्याच्या कागदात डोकावणं बरं नव्हे, आणि देवापुढे रोज माफी मागायची माझी यादी आधीच लांबलेली आहे.

स्वतःबद्दल काय लिहायचं? मी मॅट्रिक. गणितात एकोणसत्तर. हे आकडे मी भाजीवाल्यालासुद्धा सांगितलेत. आमचे हे समुद्राकाठच्या सिमेंट कारखान्यात तपासणी मिस्त्री. बोटीतून उतरलेली चुनखडी धक्क्यापासून कारखान्यापर्यंत एका उंच गॅलरीतून पट्ट्यावर वाहत येते. त्या गॅलरीचे अठ्ठेचाळीस मोठे बोल्ट दर पंधरवड्याला वर चढून तपासायचे फॉर्म भरून सही करायची, आणि मधल्या दिवसांत सैल झालेले आवळायचे, गंजलेले बदलायचे, हे ह्यांचं काम.

आजची खरी बातमी साबणाची. कपड्याच्या साबणाची वडी पूर्वी नऊ दिवस पुरायची, आता सतरा दिवस पुरते. गेले वर्षभर! कपडे आधी कोमट पाण्यात भिजवून मग कॉलरला उलट्या हाताने साबण लावायचा, ही माझी युक्ती. ह्यांचे कामाचे कपडे म्हणजे पूर्वी ग्रीस आणि गंज यांचं प्रदर्शन असायचं. आता बघावं तर निघतात कसे लख्ख. माणसाने बढाई मारू नये, पण मारायला दुसरं काही नसलं तर साबणावर तरी मारावी.

७ फेब्रुवारी

मधल्या खोलीतला दिवा गेला. हे म्हणाले, “स्टूल आण आणि तूच बसव. बायकांना सगळं यायला हवं.”

मी चाट. आमच्या पिढीतला पुरुष आणि हे विचार! गच्चीवर कपडे वाळत घालायलाही हल्ली मलाच पाठवतात, का तर मोकळी हवा माझ्या तब्येतीला चांगली. दिवा बसवताना स्टूल हललं, तर ह्यांनी माझे पाय दोन्ही हातांनी असे घट्ट धरले की खाली उतरल्यावर बोटांचे वळ दिसत होते. माया आहे माणसाच्या पोटी, दाखवता येत नाही एवढंच.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. हा त्याच गॅलरीत कामाला, पट्ट्यावरून सांडलेली चुनखडी दिवसभर फावड्याने परत पट्ट्यावर टाकतो. खिशातून काहीतरी काढून म्हणाला, “ताई, तुझ्या डब्यासाठी!”

माझा डबा म्हणजे जुन्या बोल्टांचा. हे पूर्वी बदललेले बोल्ट घरी आणायचे. मी एकेकाला चिठ्ठी बांधून तारीख घालून ठेवायची. फेकायला आमच्या घरात फक्त केर असतो. खिडकीला टेकण, कागदावर वजन, दाराला अडसर, सगळीकडे बोल्टच.

पण हा अख्खा बोल्ट नव्हता. नुसतं डोकं, पेरूएवढं, मानेशी तुटलेलं.

“कुठे मिळालं रे?”

“मिळालं कसलं, वरून खाली रस्त्यावर पडलं. मी नुकताच तिथून पुढे गेलो होतो. दोन पावलं हळू चाललो असतो तर तू आज मला हार घालत असतीस.”

“तोंड सांभाळ. भावजयीसमोर असलं बोलू नकोस.”

“तिला सांगितलंच नाही. उगाच मुलीला कडेवर घेऊन गेटवर येऊन बसेल.”

तुटलेली बाजू मी उजेडात धरली आणि अंगावर काटा आला. काळपट तांबूस गंजाची कडी, तिच्या आत कडी, तिच्या आत आणखी एक, आणि आत मधोमधही नाही, जरा एका बाजूला, मसुराच्या डाळीएवढा ठिपका, नव्या रुपयासारखा चमकणारा. हुबेहूब प्रभावळीतली ज्योत. गंजात अशी आकृती माणसाने काढून निघणार नाही. माझ्या भावाचा जीव ज्याने वाचवला, त्यानेच ही पाठवली. मी ती धुऊन, पुसून, देवाच्या कोनाड्यात ठेवली.

१४ फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी कोनाड्यात बोल्ट पाहिला.

“हे कुठून आलं?”

सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “फेकून दे.”

“देवाच्या कोनाड्यातलं फेकून देऊ?”

“तो बोल्ट आहे.”

“तुम्हाला बोल्ट दिसतो. ज्याची त्याची नजर.”

यावर मी थोडं प्रवचनही दिलं, श्रद्धेवर. हे काही न खाता कामावर गेले. नास्तिक माणसाला सत्य ऐकवलं की अन्न गोड लागत नाही, असं मनात येऊन मला बरं वाटलं. संध्याकाळी मात्र ह्यांच्याकडे बघून बरं वाटेना.

१७ फेब्रुवारी

शेजारची शिंपीणबाई ज्योत बघायला आली. हात जोडले. शिलाई मशीनचा पट्टा तुटायचा थांबावा म्हणून काहीतरी बोललीही. जाताना म्हणाली, “तुमची साबणाची युक्ती महिनाभर करतेय. वडी तेवढीच लागते हो, दहा दिवस.”

“हात सैल असेल तुमचा.”

“माझा नवरा गॅरेजमध्ये आहे, वहिनी. ग्रीस आहे ते, हात सैल असो की घट्ट.”

तिच्यात चिकाटी नाही. मी मनातल्या मनात एवढंच म्हटलं. मनातलं म्हणूनच इथे लिहिते.

२२ फेब्रुवारी

ज्योत विझली! चमकता ठिपका गंजून इतरांसारखाच तांबूस झाला. काय चुकलं माझं? दोन दिवस विचार करते आहे. एक, मी शिंपीणबाईबद्दल वाईट विचार केला. दोन, रोज तो बोल्ट धुते ते विहिरीच्या मचूळ पाण्याने. गोडं पाणी मोजून येतं ना! स्वतः गोडं पाणी पिऊन देवाला खारट पाजणारी मी एकटीच असेन. राखेने घासून पाहिलं. थोडा चमकला, दुपारपर्यंत पुन्हा तसाच.

२ मार्च

जुना गठ्ठा संपत आला. ह्यांना म्हटलं तर आज नवा आणला, घाईघाईने खणातून काढलेला, वेडावाकडा. चालेल.

खिडकीला टेकण हवं म्हणून बोल्टांचा डबा ओतला. सगळे एका रांगेत लावले. (कपडे गच्चीवर, स्वयंपाक झालेला, नसत्या उद्योगाला वेळ.) बोल्ट काढण्याआधी हे त्याला समुद्राकडच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे, म्हणजे कुठला कसा बसला होता ते कळतं. मला वाटायचं, खारा वारा समुद्रावरून येतो तर तीच बाजू खाल्ली जाणार. पण ठिपक्याची बाजू प्रत्येक बोल्टाची धडधाकट! आणि पाठ, जमिनीकडची, कुरतडलेली, पापुद्रे सुटलेले, नटाच्या खाली तर कंबर अगदी बारीक. तेवीसपैकी एकवीस बोल्ट असेच.

मग आमच्या खिडकीचे गज पाहिले. बाहेरून, जिथे पाऊस झोडपतो, तिथे ठीक. आतून, छपराच्या आडोशाला, नखाने सोलून निघतात. कोनाड्यातला बोल्ट उचलला. वरून रोज धुते ती बाजू टणक. खाली, जिथे ओल बसून राहते, तिथे कांद्यासारखे पापुद्रे. म्हणजे मीठ दोन्हीकडे बसतं, पण एकीकडचं पाऊस धुऊन नेतो. आडोशाचं कोणी धूत नाही. तव्याची पाठ न घासणाऱ्या बाईला हे मी फुकट सांगितलं असतं.

मोठा शोध लावल्यासारखं ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. हे जेवून लगेच झोपले.

जाता जाता: डब्यातली शेवटची चिठ्ठी गेल्या वर्षीच्या जानेवारीची. त्यानंतर एकही बोल्ट घरी आलेला नाही. म्हणजे वर्षभरात एकही बदलावा लागला नाही. ह्यांच्या देखरेखीचं मला कौतुक वाटलं. खिडकीला मात्र टेकण नाही.

९ मार्च

आज तपासणीचा दिवस. शर्ट इतका स्वच्छ आला की धुवायचा का, असा प्रश्न पडला.

आणि माझ्या हातून नियम मोडला. मुद्दाम नाही. लिहिताना पेनची शाई पसरली, टिपायला कागद उचलला तर उजेडात पलीकडचं उलटं दिसलं. ह्या कागदाची पुढची बाजू कोरी नाही, भरलेली आहे! ह्यांच्याच अक्षरात: ‘तपासणी दिनांक २३ मार्च. ४८ पैकी ४८ बोल्ट घट्ट. शेरा: समाधानकारक.’ खाली सही.

आज नऊ तारीख. तेवीसला अजून चौदा दिवस आहेत. काय उरक म्हणायचा माणसाचा! मी इथे उद्याची भाजी आज चिरून ठेवली तर स्वतःची पाठ थोपटते. आणि हे? चौदा दिवस आधीच काम हातावेगळं!

१० मार्च

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. गणितात एकोणसत्तर नव्हे, बहुतेक नुसते नऊ असावेत. पण हिशेब अजून बसत नाही, किंवा मला बसवायचा नाही.

१४ मार्च

(हे पान आठवणीतून पुन्हा लिहिलंय. मूळ पान आता साहेबांच्या खणात आहे. ते तिथे कसं गेलं ते पुढे येईलच.)

संध्याकाळी धाकटा चहाला आला. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, “ताई, हल्ली वर चालताना पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. पट्टा सुरू झाला की गॅलरी अशी डुलते. झोप येते मला.”

हे कोपऱ्यात बसले होते. कप हातात तसाच.

धाकटा हसला. “भावजींना विचारलं तर म्हणतात सगळे घट्ट आहेत. भावजी म्हणतात म्हणजे असतील. सोमवारी बोट लागतेय, सहापासून पट्टा. चल, येतो.”

तो गेल्यावर मी ह्यांच्यासमोर चार वस्तू मांडल्या. बोल्टांचा डबा, कोनाड्यातलं डोकं, तेवीस तारखेचं पान आणि साबणाच्या हिशेबाची वही. म्हटलं, “मी अडाणी नाही, मॅट्रिक आहे. पण हे चारही एकत्र वाचता येत नाहीयेत मला. तुम्ही वाचून दाखवा.”

ह्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “गेल्या वर्षी जानेवारीत शिडीवर डोकं गरगरलं. अर्धा तास कठड्याला मिठी मारून उभा होतो. त्या दिवशी मी पांढराफटक होऊन घरी आलो, तू पोटाचं औषध दिलंस.”

“आठवतं. ओव्याचं पाणी.”

“त्यानंतर वर पाय टाकला की पाय माझे राहत नाहीत. तिसऱ्या पायरीला थांबतात. दर वेळी ठरवतो, पुढच्या वेळी चढेन.”

ओव्याचं पाणी! दिवा बसवायला मला स्टुलावर चढवणं म्हणजे पुढारलेले विचार! आणि माझी साबणाची युक्ती! देवा, वर्षभर मी ह्यांच्या भीतीवर साबण वाचवत होते आणि शेजारणीला शिकवण्या देत होते.

“मग सह्या?”

“आधी करून ठेवतो, पण न बघता कागद देत नाही. खालून दुर्बिणीने बघतो. सगळे छान दिसतात. खरंच छान दिसतात गं.”

“कुठून बघता?”

“धक्क्याच्या रस्त्यावरून.”

“म्हणजे समुद्राच्या बाजूने.”

मी डब्यातला एक बोल्ट काढून ह्यांच्या हातात दिला. पांढरा ठिपका वर. मग त्यांच्याच हातात तो उलटा केला. ह्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

मग कोनाड्यातलं डोकं उचललं. “ह्याच्या मध्ये चमकत होतं ना काही?”

“ज्योत होती.”

“ज्योत नव्हे. गंज चहूबाजूंनी आत येत गेला. जे चमकत होतं तेवढंच लोखंड शाबूत उरलं होतं. तेवढ्यावर ते सगळं उभं होतं.”

“मसुराएवढ्यावर?”

“मसुराएवढ्यावर.”

महिनाभर मी काय ओवाळत होते ते तेव्हा कळलं. आणि सोमवारी सहाला माझा भाऊ फावडं घेऊन त्याच गॅलरीत चढणार होता.

“आत्ता साहेबांकडे जा.”

“गेलो तर म्हणतील, परवाच लिहून दिलंस, सगळे घट्ट. बोट दारात आहे. एका तुटक्या डोक्यावर ते पट्टा बंद ठेवणार नाहीत. एकेक बोल्ट मागून बघितल्याचा कागद हवा.” मग अगदी हळू म्हणाले, “आणि दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला.”

मला राग आला की रडू आलं ते सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी आलं की माझा आवाज भांडी आपटल्यासारखा निघतो. त्या आवाजात म्हटलं, “उद्या रविवार. पट्टा बंद. मी चढते.”

१५ मार्च

चढले. बोटं अजून कठड्याच्या आकारातच वळलेली आहेत, म्हणून अक्षर असं. वळणाला शाळेत बक्षीस होतं माझ्या.

सकाळी ह्यांची जुनी विजार घातली, कमरेला दोरी बांधली. आरशात बघितलं आणि आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पिशवीत पोळी-भाजी, विणायची लोखंडी सुई, आणि दैनंदिनीचा सगळा गठ्ठा. घरात ठेवून जायची भीती वाटली, कोणी वाचलं तर! (ह्या वाक्यावर मी स्वतःच आता हसून घेते.)

गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, “वहिनी, आज रविवारी इकडे?”

“ह्यांच्याबरोबर डबा खायला.”

“विजार घालून?”

“वारा आहे.”

शिडीला चौतीस पायऱ्या. एकेका पायरीला देवाचं एकेक नाव घ्यायचं ठरवलं होतं. अकराव्या पायरीला नावं संपली. जन्मभर नामस्मरण केलेल्या बाईला अकरा नावं! पुढच्या पायऱ्या मी ‘सतरा दिवस, नऊ दिवस’ म्हणत चढले. ह्यांनी खालून शिडी धरली होती. वाटेत मी खाली पाहिलं. ह्यांचे डोळे मिटलेले होते.

वर वारा कानात शिरतो. समुद्राकडून बोल्ट अगदी ऐटबाज, रंग शाबूत. मी कठड्याला पोट टेकवून हात पलीकडे वळवला, नटाच्या खाली, आडोशाला, आणि सुई टोचली. उकडलेल्या बटाट्यात जावी तशी गेली.

“थांब, कागद काढतो,” खालून ओरडले. फॉर्मची वही कारखान्याच्या कपाटात, किल्ली साहेबांकडे. मग माझ्या पिशवीतला गठ्ठा काढला. ज्यांचे पुढचे रकाने भरलेले नाहीत असे कागद पुष्कळ होते. मला वरून दिसत होतं: एक पान घेतलं, उलटलं, ठेवून दिलं. दुसरं घेतलं, उलटलं. तिसरं. चष्मा काढून पुसला. एवढ्या वाऱ्यात मी लोंबकळतेय आणि हे पानं निवडताहेत!

“अहो, कुठलंही घ्या!”

“हं, मिळालं,” म्हणाले. “सांग.”

“एक नंबर, सुई आत जाते! दोन नंबर, घट्ट! तीन, घट्ट! चार नंबर, मागे काही नाही!”

“काही नाही म्हणजे ठीक?”

“काही नाही म्हणजे लोखंडच नाही!”

असं करत दुपार झाली. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठावीस घट्ट, एकोणीस खराब, एक जागेवरच नाही. तो आमच्या कोनाड्यात. बेरीज मी वरूनच तपासली, जुळते.

मी खाली उतरले. ह्यांनी कागदावर सही केली. मग खिशातून रुमाल काढून माझ्या तोंडावरचं ग्रीस पुसायला लागले, ते पुसलं कमी आणि पसरलं जास्त. दोघांनी शिडीखाली बसून पोळी-भाजी खाल्ली. पोळीला गंजाची चव होती.

१६ मार्च

पहाटे पाचला हे साहेबांच्या घरी गेले. सहाला पट्टा सुरू झाला नाही. भोंगा वाजला, मग नुसती शांतता. ती मी ओट्याला धरून ऐकली.

हे अकराला घरी आले.

“वाचला कागद साहेबांनी?”

“वाचला. मग उलटून वाचला.”

“उलटून?”

“मागे तुझं चौदा तारखेचं होतं.”

माझ्या हातातली पळी खाली पडली. अहो, त्या पानावर सगळं होतं! शिडी, दुर्बीण, सह्या, तेवीस तारखेचा कागद, ओव्याचं पाणी, सगळं. “शंभर पानांतून नेमकं तेच कसं काढलंत?”

“वारा होता,” म्हणाले. “घाईत हाती लागलं.”

ह्यांचं नेहमीचंच, न बघता काम! मी फार बोलले. कागद वाचवायच्या माझ्या सवयीने घर बुडालं, असंही म्हटलं, कपाळही बडवून घेतलं. हे शांतपणे ताटावर बसले आणि दोन वेळा भात मागून घेतला. वर्षभरात पहिल्यांदा.

साहेब काय म्हणाले, ते तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. गॅलरी बंद. बोट थांबवली. सकाळीच माणसं वर चढली तेव्हा चार नंबरचा नट हाताने निघाला, पान्याशिवाय. ह्यांची चौकशी बसणार, तोवर तपासणीचं काम बंद. शेवटी साहेबांनी विचारलं म्हणे, “साबणाची ही युक्ती खरी आहे का?” माणसाला लाज वाटून घ्यायला आणखी काय हवं?

२१ मार्च

पट्टा बंद झाल्यापासून पाच दिवस धाकटा फिरकला नव्हता. आज आला. दारातच उभा राहिला, चपला काढल्या नाहीत. ह्यांच्याकडे बघून म्हणाला, “वर्षभर मी वर होतो, भावजी.”

“हो.”

“मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“विचारलं होतं आणि तुम्ही घट्ट म्हणालात.”

“म्हणालो.”

ह्यांनी एकही सबब पुढे केली नाही. मला मात्र ह्यांच्या वतीने दहा सुचत होत्या, मी पदर तोंडात धरून उभी. धाकट्याने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चपला काढल्या.

“ताई, चहा टाक. माझ्यात साखर कमी.” थोडं थांबून म्हणाला, “आणि विजार घालून चढलीस ते गेटवरचा पहारेकरी सगळ्या कारखान्याला दाखवतोय. कसा चालतो माहितीये?” आणि कमरेवर हात ठेवून आमच्या मधल्या खोलीत चालून दाखवलं. हे हसले. मी नाही हसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन हसले.

१२ एप्रिल

निकाल लागला. तपासणी मिस्त्री हे पद गेलं. एक पायरी खाली, जमिनीवरच्या कार्यशाळेत, नट-बोल्ट साफ करायचं काम. निवृत्तीवेतन त्याप्रमाणे कमी, पण राहिलं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोल सांभाळणाऱ्या नसेत बिघाड आहे, भित्रेपणा नव्हे. हे मी दोनदा म्हणवून घेतलं, एकदा ह्यांच्यासमोर.

आता तपासणी दोन माणसांनी करायची आणि दोन्ही बाजूंनी, असा नवा नियम आला. फॉर्मवर ‘जमिनीकडची बाजू’ असा वेगळा रकाना छापलाय म्हणे. ओळी सरळ आल्या, म्हणून रद्दी निघाली नाही.

बोल्टाचं डोकं साहेबांनी बघून परत दिलं. कोनाड्यात ठेवावं की नाही, यावर माझे दोन दिवस गेले. शेवटी चिठ्ठी बांधून डब्यात टाकलं: ‘गॅलरी, जमिनीकडची बाजू. महिनाभर पूजा झाली.’ देवाने माझ्या भावाला वाचवलं, यावर माझा विश्वास तसाच आहे. फक्त तो सांगत होता एक आणि मी ऐकत होते दुसरंच.

२५ एप्रिल

कारखान्याचे कागद घरी न्यायला बंदी झाली. कोणामुळे, ते लिहायची गरज नाही. म्हणून ह्यांनी काल ही वही विकत आणली. पुठ्ठ्याची, दोन्ही बाजूंनी कोरी. मी रागावले. आठवडाभराचं दूध झालं असतं. हे म्हणाले, “लिही. आता उलटून बघायला हरकत नाही.”

जुनी पानं आज नीट लावत बसले होते. चौदा मार्चची जागा रिकामी दिसली आणि सहज आठवलं. त्या दिवशी शिडीखाली ह्यांनी पहिलं पान उलटलं, ठेवून दिलं. दुसरं उलटलं, ठेवून दिलं. वाऱ्यात उडू नयेत म्हणून त्यांवर ह्यांनी चपला ठेवल्या होत्या. मग तिसरं घेऊन वाचत राहिले, चष्मा पुसला... हाती लागलं म्हणतात. असो. ह्यांना विचारणार होते, पण हे आंघोळीला गेले आणि माझ्यापुढे ह्यांच्या कपड्यांचा ढीग पडला.

काय त्या कपड्यांची अवस्था! कोपरापर्यंत ग्रीस, गुडघ्यावर गंज, खिशात दोन नट. माझी युक्ती तीन वेळा केली, उलट्या हाताने, सुलट्या हाताने. काही उपयोग नाही. शिंपीणबाई खरी होती, तिला उद्या जाऊन सांगायचं.

साबणाची वडी आज संपली. नऊ दिवसांत. देवापुढे बसून आभार मानले.